पगारी रजा लेखी नियमात हवी

महोदय,

अमेरिकेतील ज्यू सामाजिक संस्थांमधील कौटुंबिक रजेवरील, म्हणजे मूल झाल्यावर किंवा घरच्यांच्या आजारपणात घ्यायच्या रजेवरील, लेख वाचला. ‘कायद्याचा आधार आहेच’ हे त्यातील विधान पटले नाही. १९९३ च्या केंद्रीय कायद्यातील १२ आठवड्यांची रजा बिनपगारी आहे. शिवाय ७५ मैलांच्या परिघात किमान ५० कर्मचारी असलेल्या खासगी संस्थांतील कर्मचाऱ्यांनाच ती मिळते. पंधरा-वीस जणांच्या सिनेगॉगमधील (ज्यू प्रार्थनास्थळातील) किंवा शाळेतील कर्मचारी त्यात बसतच नाहीत.

न्यूयॉर्क राज्याची पगारी रजा २०१८ पासून सुरू झाली. आता तिथे १२ आठवडे, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरासरी वेतनाच्या ६७ टक्के रक्कम विम्यातून मिळते. मात्र धार्मिक, धर्मादाय व शैक्षणिक संस्थांतील शिक्षक आणि व्यावसायिक पदांवरील कर्मचाऱ्यांना या विम्याची सक्ती नाही; म्हणजे नेमकी हीच माणसे वगळली जातात. संस्थेला स्वेच्छेने त्यांना सामील करता येते. कार्यकारी मंडळांनी तो ठराव आधी करावा.

दुसरे असे की रजेच्या काळातील बदली माणसाचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकातच धरायला हवा. तो न धरल्यास काम सहकाऱ्यांवर पडते आणि रजा मागणेच अपराधासारखे वाटू लागते. लेखी धोरण नसले की प्रत्येकीला संचालकांशी स्वतंत्र बोलणी करावी लागतात. वरच्या पदावरचीला जास्त आठवडे मिळतात, स्वागतकक्षातलीला कमी. या क्षेत्रात स्त्रिया बहुसंख्य, पण मोठ्या फेडरेशनच्या (ज्यू समाजकार्यासाठी निधी उभारणाऱ्या स्थानिक संघटनांच्या) प्रमुखपदी बहुतांश पुरुष, हे चित्र त्यामुळेही टिकून आहे. वडिलांनाही तितकीच रजा द्यावी. नाहीतर नेमणुकीच्या वेळी स्त्रीच ‘महाग’ ठरते.

– एक वाचक, न्यूयॉर्क