माचणूरहून, मुक्कामाच्या दिवशी

माचणूर, ता. मंगळवेढा
२८ डिसेंबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरहून शिखर शिंगणापूरला पायी निघालोय खरा, पण आज रस्त्यावर एक पाऊलही टाकलं नाही. हे तुझ्या आईला कळलं तर ती पहिल्या एसटीनं न्यायला येईल, म्हणून आधी तुला लिहितोय. डाव्या टाचेला फोड आलाय आणि पोटऱ्या लाकडासारख्या झाल्यात, एवढंच.

चूक माझीच. पहिला मुक्काम तिऱ्ह्याला ठरला होता. पण सीना ओलांडली तेव्हा ऊन कोवळंच होतं, दोन्ही अंगांना ज्वारी डोक्याएवढी. म्हटलं, एवढ्यात काय बसायचं? तसाच कामतीपर्यंत ओढत गेलो. काल इथवर यायला अंतर निम्मंच होतं, तरी बेगमपूरच्या पुलावर कठडा धरून उभा राहिलो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काका, सोडू का मंगळवेढ्याला?" नको म्हणालो, पण लगेच नाही म्हणालो.

स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त धरतात, तिथं एक दिवस रिकामा ठेवा, असं तू सांगितलं होतंस. मी हसलो. चौतीस वर्षं मागावर उभं राहून काढलेल्या माणसाला पाय शिकवतीय म्हणे! खरं तर मागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग थांबवायचो, गाठ मारायचो, मगच पुढं. तसाच रेटला की चादरीत फट दिसते आणि नग बाद. पोरांना हेच ओरडून सांगायचो.

फोड फोडला नाही. आईचा सुईदोऱ्याचा उपायही केला नाही. धुऊन वर मऊ फडकं बांधलंय. पाय सुजतात, अर्धा नंबर मोठा बूट घ्या, असं दुकानदार म्हणाला होता; मला वाटलं, माल खपवतोय. चादर मात्र कामतीतूनच सोलापूरच्या एसटीत घालून परत पाठवली. एक दिवस पाठीवर वाहिल्यावर कळलं, आपण किती जड माल विणत होतो!

ज्यांच्या वस्तीवर उतरलोय, तिथल्या आजींना सकाळी म्हटलं, काहीतरी काम सांगा. त्यांनी शेंगांची पाटी पुढं सरकवली. फोडत बसलो. नुसतं बसणं जमतच नाही गं.

दुपारी हळूहळू घाटापर्यंत गेलो. आपला सिद्धेश्वर तळ्यात, इथला भीमेच्या काठावर. शेजारी पडका किल्ला. औरंगजेबाची छावणी इथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. तो चार वर्षं थांबला, मग माझ्या एका दिवसाचं काय एवढं!

संध्याकाळी आजींच्या नातवानं आगटी पेटवली. कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची, हातावर चोळायची, फुंकर मारली की हिरवा हुरडा तळहातावर. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. चालत नव्हतो त्या दिवशी भूक दुप्पट, हे कोणी सांगितलं नव्हतं.

उद्या मंगळवेढा, चौदाएक किलोमीटर. मग पंढरपूर, वेळापूर करत शिंगणापूर. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या आत घरी येतो. पत्राचा फोटो काढून पाठवतोय, पोस्टानं टाकलं तर माझ्यामागून पोचेल. आईला एवढंच सांग, अप्पा चालतायत.

तुझा,
अप्पा