कुठल्या गिअरला?

सायप्रस, टेक्सास
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

बाळ्या,

गुढीपाडव्याला तुझा फोन आला होता, तेव्हा "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणालो होतो. आता लक्ष्मीपूजन दारात आलं. तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढं वाच. शिव्या पोचल्या असं समज.

फोन सोडून पत्र का, तर तू माझे व्हॉइस मेसेज दुकानात स्पीकरवर लावतोस. मागच्या खेपेला तुझ्या मेव्हण्याबद्दल जे बोललो ते कागलच्या त्या ट्रॅक्टरवाल्यानंसुद्धा ऐकलं. हे तुझ्या तात्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही. निदान पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नाही.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच, गुडघा आहे तसाच.

नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी रात्री मी गॅरेजमध्ये पाने पुसत बसलो होतो. चिरंजीव गाडी लावून आत आले. कुठली गाडी ते तुला सांगायला नको. २०१८ साली आमच्या दारात उभं राहून, मंजूसमोर, जिला तू "छोटा हत्ती" म्हणालास ती डिझेल पिकअप. (विसरलेलो नाही. तीन टनांच्या गाडीला छोटा हत्ती म्हणणाऱ्या माणसाला मी त्याच रात्री पोटभर ब्रिस्केट खाऊ घातलं, हा माझा मोठेपणा.) एरवी पोरगं किल्ली खिळ्याला अडकवतं आणि तडक फ्रिजकडं जातं. त्या दिवशी किल्ली हातात धरून तिथंच उभं राहिलं.

"बाबा, मी एका माणसावर धूर सोडला."

सायकलवाला होता. हायवेच्या कडेच्या फ्रंटेज रोडला सिग्नल सुटला, शेजारी बसलेला मित्र म्हणाला दाखव की, आणि यानं दाखवला.

आणि बाळ्या, माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला असेल? "कुठल्या गिअरला?"

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? मंजूला धुराचं सांगितलंय, गिअरचं नाही. इथल्या मित्रांना सांगावं तर निम्मे हसतील आणि उरलेले मला वाया गेलेला समजतील. हा प्रश्न कुठून आला ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानाचा मोठा झालेल्या माणसालाच कळेल. रागवायचं होतं, रागावणारच होतो, पण त्याच्या आधी आत कुठंतरी इंजिनांचे डिझेल पंप बांधणारा पंपवाला जागा झाला.

पोरानं माझ्याकडं बघितलं. "थर्ड," म्हणाला. मग जरा थांबून, "आरशात बघितलं तर तो कडेला बसला होता. इनहेलर ओढत होता."

नंतर मी बोललो. बरंच बोललो, इंग्रजीत बोललो, म्हणजे किती चिडलो होतो बघ. पण ते सगळं त्या एका प्रश्नानंतर. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मला मात्र वाटत राहिलं की त्यानं फक्त पहिला प्रश्नच ऐकलाय.

कारण तो धूर त्याचा नाहीच. तो शंभर टक्के माझ्या हातचा आहे. कंपनीतून ही गाडी १९९७ साली निघाली तेव्हा २१५ हॉर्सपॉवर होती आणि शहाण्यासारखी चालायची. पंपात डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, म्हणजे रॅकला, कुठवर पुढं जाऊ द्यायचं ते ठरवणारी ती बोटभर फ्युएल प्लेट मी काढली. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलल्या, तेव्हा इंजिन चार हजार आरपीएमपर्यंत ओरडायला लागलं, म्हणून मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही जाड घातल्या. नोझल मोठे, डिलिव्हरी व्हॉल्व्ह वेगळे, टायमिंग पुढं, हेडला बोल्टांच्या जागी स्टड, टर्बो मोठा. क्लच डबल प्लेटचा, त्यानंच हा गुडघा गेला. (मंजू म्हणते वयानं गेला.) खाली पस्तीस इंची टायर, मागं पाच इंची सरळ पाइप. ताकद मोजायच्या डायनोवर ३८० हॉर्सपॉवर दाखवले तेव्हा मी तुला रात्री अडीचला फोन केला होता. तुझी दुपार होती आणि तू जेवत होतास. "बरं मग?" म्हणालास. तेही विसरलेलो नाही.

पण धुराचं मूळ या सगळ्यात नाही, ते त्या डायफ्रॅममध्ये आहे. टर्बोची हवा चढल्याशिवाय डिझेल वाढू न देणं एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. मी त्याची स्प्रिंग ढिली केली आणि अख्खं हाउसिंग पुढं सरकवलं. पाय दाबला की हवा यायच्या आत डिझेल हजर. तात्या म्हणायचे ना, पानं मांडायच्या आत वाढपी आले. ते सगळं न जळलेलं मागच्या पाइपातून काळंकुट्ट बाहेर. मला तो धूर आवडायचा, गड्या. खोटं कशाला बोलू? रिकाम्या रस्त्यावर पोराला शेजारी बसवून मीच दाखवलाय. पोरगं तेरा वर्षांचं होतं आणि टाळ्या पिटत होतं.

आणि तोंडानं काय सांगायचो? की आपण त्यातले नाही. इथं डिझेल पिकअपवाल्यांची एक जातच आहे, नव्या गाडीचा काजळी गाळणारा डीपीएफ कापायचा, धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर बंद करायचा, संगणकाला गप्प बसवायचं. २०२० साली इथल्या पर्यावरण खात्यानं अंदाज काढला होता, दहा वर्षांत साडेपाच लाखांवर पिकअप अशा कापल्या गेल्या. बेकायदा आहे, कापून देणाऱ्या दुकानांना मोठाले दंड झालेत, तरी चालूच. मी पोराला ऐटीत सांगायचो, आपल्या गाडीत मुळात डीपीएफ नव्हताच, मग आपण काही कापलेलंच नाही. किती सोयीचं वाक्य! सायकलवाल्याच्या छातीला काय कळणार गाडी कुठल्या सालची ते?

विचारणारं तर कुणीच नाही. डिझेलला इथं धुराची तपासणी नाही, आणि या जानेवारीपासून टेक्सासात घरच्या गाड्यांची सुरक्षा-तपासणीसुद्धा बंद केली. तुमच्याकडं २०१७ पासून बंपरला गार्ड लावला तरी पावती, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगून टाकलं की कंपनीनं दिली त्यापेक्षा गाडी बदलायची नाही, तेव्हा मी तुला किती चिडवलं होतं! परवा पहिल्यांदा वाटलं, एखादा आरटीओवाला असता तर बरं झालं असतं.

वॉलर गाव आमच्यापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. २०२१ साली तिथं सोळा वर्षांच्या पोरानं पिकअप सायकलवाल्यांवर घातली, सहा जण जखमी. आधी धूर सोडत होता असं सायकलवाल्यांचं म्हणणं होतं. तेव्हा मी बातमी वाचून म्हणालो होतो, कसली पोरं जन्माला घालतात हे लोक.

आता पुढचं ऐक, हसू नकोस. त्या माणसाला शोधायला आम्ही बापलेक तीन संध्याकाळ त्याच वेळेला मंजूच्या गाडीतून त्या सिग्नलजवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबलो. दोघंजण गाडीत बसून येणारा प्रत्येक सायकलवाला निरखतोय. तिसऱ्या दिवशी पोलीस आला आणि काच खाली करायला लावली. पोरानं त्याला सरळ सगळं सांगितलं. मी वकिलासारखं मध्ये तोंड घालणार होतो, तेवढ्यात त्याचं सांगून झालंही होतं. पोलीस बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला घरी जा. माणूस काही सापडला नाही.

येताना गाडीत मला शिवाजी पूल आठवला. तुला पहिल्या ओळीपासूनच आठवला असणार. १९९३, पावसाळा संपलेला, सांगरूळवाल्याचा तो टाटा १२१० ट्रक, तात्यांनी पंप बांधून दिलेला आणि "केर्लीच्या पुढं फिरवून आणा, वाघबिळाच्या चढाला बघा" म्हणून आपल्याला दिलेला. आणि पुलावर समोर सायकलवर ड्रॉइंगचे सर, पांढराशुभ्र शर्ट. दुसऱ्या दिवशी तो शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी दुकानातल्या पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत, पाणीसुद्धा प्याले नाहीत. तात्यांनी तुला फॅनबेल्टनं मारलं. मला घरी जा म्हणाले, कारण मी दुसऱ्याचा पोरगा.

बत्तीस वर्षं आपण भांडतोय की ॲक्सिलरेटरवर पाय कुणाचा होता. तू म्हणतोस माझा, मी म्हणतो गाडी तू चालवत होतास. तुझ्या लग्नातही आपण त्यावरून बोललो नव्हतो दोन तास. तर स्टिअरिंगवर तू होतास, पण पुलाच्या अलीकडं तुझा पाय क्लचवर आणि डोळे एसटीवर असताना मी माझा बूट मधनं घालून दाबला होता. तुला ते माहीत आहे. मला माहीत आहे की तुला माहीत आहे. फक्त मी कधी म्हणालो नव्हतो. आता म्हणालो. बेल्टचं काय करायचं ते तू ठरव.

आमचं पोरगं माझ्यावर गेलेलं नाही, असं मंजू नेहमी म्हणते. मी वाद घालायचो. आता नाही घालत.

गाडी नऊ दिवस दारात उभी आहे. मंजू म्हणते विकून टाक. एक रँचवाला अठ्ठावीस हजार डॉलर रोख द्यायला तयार आहे. (मंजूला मी त्यात आजवर किती घातले ते सांगितलेलं नाही, तेव्हा तिला हा नफा वाटतो.) विकली तर धूर दुसऱ्याच्या पोराच्या पायाखाली जाईल, हे मी तिला फार तात्त्विक चेहरा करून सांगितलं. ती म्हणाली, तुला विकायची नाही एवढंच म्हण. तेही खरं. २०१६ साली मी ती घेतली ती कुठं काही ओढायला म्हणून नाही, आमच्याकडं ओढायला लॉनमोअरशिवाय आहेच काय? विकणाऱ्यानं बॉनेट उघडलं आणि आत सहा सिलिंडरचा रांगेतला पंप, सहा पाइप, पंपाला संगणकाची एक वायर नाही. टाटा १६१३ मध्ये आपण बघितलेलं तेच ५.९ लिटरचं कमिन्स. तू कोथरूडला कमिन्समध्ये अप्रेंटिस असताना ज्या इंजिनाचं हेड उचलायला चौघं लागायचे म्हणून फुशारक्या मारायचास, त्याच्याच घराण्यातलं. पंधरा वर्षं मी इथं असल्या गाड्या हाकल्या होत्या की ज्यांचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकणच दिसतं. डिझेलचा वास आला आणि मी भावसुद्धा केला नाही.

तुझं काय चाललंय? धाकटीची ॲडमिशन कुठं झाली? वहिनींचं पाठीचं दुखणं? सगळ्या गाड्यांत संगणकावर चालणारं कॉमन रेल आल्यावर जुना बेंच विकलास का ठेवलास? ठेवला असशील तर विकू नकोस. तात्यांना ऐकू येतं का आता, का अजून सोयीपुरतंच? पुढच्या वेळी नीट विचारतो.

आता कामाचं. गाडी ठेवायची आणि धूर काढायचा असं ठरवलंय. मंजूनं "बघू" म्हटलंय. फ्युएल प्लेट टूलबॉक्सच्या वरच्या खणात होती, गंज काढून ठेवलीय. हाउसिंग मागं घेणार, स्प्रिंग ताणणार. अडचण अशी की फार ताणली तर टर्बो जागा होईपर्यंत गाडी रडते, आणि गाडी रडली की दोन महिन्यांत मी परत पाना घेऊन तिथं जाणार. मी स्वतःला ओळखतो. इथं जवळपास असला बेंच नाही, कानानं आणि डोळ्यानंच करायचं आहे. तेव्हा तात्यांना विचार, बूस्ट, म्हणजे टर्बोची हवा, नसताना रॅक किती मोकळा ठेवायचा. कोण विचारतंय म्हणाले तर एक गिऱ्हाईक आहे म्हण. ओळखतीलच. ओळखलं तर हे पत्र वाचून दाखव, पुलाच्या भागासकट. फक्त स्पीकरवर नको.

आणि ते फडक्याचंही विचार. सरांना नवीन कापड घेऊन दिल्यावर तात्यांनी त्या जुन्या शर्टाचे तुकडे केले होते आणि पुढं दोन वर्षं प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरला तेच धरायचे, आठवतं? किती लांब धरायचे आणि किती मोजायचे, दहा का वीस? मला वाटतं वीस. पोरगं म्हणालं, पाना मी धरतो. त्यानं त्याचा एक पांढरा टी-शर्ट आणून बेंचवर ठेवलाय.

तुझा,
शिऱ्या