एका थेंबात भविष्य? जरा दमानं

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘रक्ताच्या एका थेंबात सिकलसेलचे भविष्य’ ही बातमी आली. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार, आणि मायक्रोॲरे या तंत्राने रक्तातले मायक्रोआरएनए मोजून त्याचं पुढे काय होईल ते सांगता येईल, असा बातमीचा सूर. त्याच संध्याकाळी इंदोऱ्यातल्या दोन आया कात्रण घेऊन माझ्या दारात. ‘मावशी, ही टेस्ट कुठे होते जी?’ माझी सगळी नोकरी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून गल्लीत असले प्रश्न माझ्याकडेच येतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि आपण जाऊन करून घ्यावी अशी ही टेस्ट नाही, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं. तुमच्या मथळ्याचा रागही आला.

बातमीतलं विज्ञान खोटं नाही. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो पेशीतल्या निरोप्या आरएनएला, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूला, चिकटतो आणि त्यापासून होणारं प्रथिन कमी करतो. १९९३ साली जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत तो पहिल्यांदा सापडला आणि त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. मायक्रोॲरेमध्ये काचेच्या पट्टीवर अशा शेकडो तुकड्यांना जुळणारे डीएनएचे ठिपके आधीच बसवलेले असतात. नमुन्यातल्या आरएनएला चमकणारा रंग लावून तो पट्टीवर सोडायचा, जोड्या जुळू द्यायच्या, पट्टी धुवायची आणि लेझर स्कॅनरखाली कोणता ठिपका किती उजळला ते मोजायचं. एका फटक्यात शेकडो मायक्रोआरएनए बघता येतात, हे त्याचं खरं बळ. पण ती चाळणी आहे. वर काय उरलं ते पुन्हा हातात घेऊन बघावंच लागतं.

एक तर तुकडा इतका आखूड की त्याला जुळणारा ठिपका कुठून घ्यायचा याला वावच नसतो. लेट-७ए आणि लेट-७सी या दोन मायक्रोआरएनएंत फरक फक्त एका अक्षराचा, त्यामुळे एकाच्या ठिपक्यावर दुसरा बसू शकतो. दुसरं साधं गणित. हजार ठिपके तपासले आणि प्रत्येकाला पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर काहीही फरक नसताना ५० ठिपके ‘वेगळे’ दिसतील. म्हणून आकडेवारीत दुरुस्ती करायची, निवडक रेणू पीसीआरने (एकाच रेणूच्या असंख्य प्रती काढून मोजण्याच्या पद्धतीने) पुन्हा मोजायचे आणि वेगळ्याच रुग्णांच्या गटात तेच दिसतं का ते पाहायचं. तुमच्या बातमीत यातलं काहीच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नमुन्याची, कारण माझी हयात त्यातच गेली. लाल पेशींत एमआयआर-४५१ आणि एमआयआर-१६ हे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. सिरिंज जोरात ओढली, ट्यूब खडखडा हलवली किंवा मे महिन्यात तालुक्याहून नागपूरपर्यंत डिकीत तापवत आणली, की पेशी फुटतात आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, गुलाबी होतो. मग पट्टीवर जे उजळतं तो आजार नसतो, आपला हलगर्जीपणा असतो. सिकलसेलमध्ये तर पेशी शरीरातच फुटत असतात; म्हणजे किती आजाराचं आणि किती हाताळणीचं, हे वेगळं करणं आणखी कठीण. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमधलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) पुढच्या पीसीआरमध्ये आडवं येतं, म्हणून जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब वापरायची. गुलाबी प्लाझ्मा बाजूला ठेवायला महागडं यंत्र लागत नाही, डोळे लागतात.

या पद्धतीतून काही मिळालंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे आरएनए तयार होतो ते केंद्रक लाल पेशीत नसतं, तरी तिच्यात मायक्रोआरएनए असतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की सिकलसेलच्या ज्या रुग्णांत एमआयआर-१४४ जास्त, त्यांचा रक्तक्षय अधिक तीव्र. २०१२ मध्ये त्यांनीच दाखवलं की सिकल पेशींतला एमआयआर-४५१ मलेरियाच्या परजीवीत शिरून त्याची वाढ रोखतो. वाहकांना (ज्यांच्यात सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं आणि स्वतःला आजार नसतो) मलेरियापासून संरक्षण का मिळतं याचा एक धागा त्यात आहे. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

पण ते रुग्ण तिकडचे. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी अरब-भारतीय प्रकारची. तिच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजाराचं रूप बदलतं. तिकडचे आकडे उचलून इथल्या पोरांना चिकटवता येत नाहीत. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९५८ साली. तेव्हापासून रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर आहेत, तर हे काम इथल्या रुग्णांवर नीट व्हायला हवं. आता पट्टीऐवजी सिक्वेन्सिंगही (आरएनएची अक्षरं थेट वाचणं) होतं, आणि जुन्या ॲरेंची माहिती ‘जिओ’ या सार्वजनिक संग्रहात फुकट आहे, आपल्या एम.एस्सी.च्या मुलांनी तिथून सुरुवात करावी.

तर विनंती अशी. असली बातमी छापताना रुग्ण किती, कुठले, आणि निकाल दुसऱ्या गटात पडताळला का, एवढं तरी विचारा. सोबत एक चौकट द्या: आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. लोकांना रांगेत आणायचं तर त्यांना याच चाचण्यांची नावं पाठ हवीत. १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या अंकात ही चौकट घेणार असाल तर मजकूर मी लिहून देते. मानधन नको, फक्त मथळा मला आधी दाखवा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, इंदोरा, नागपूर