जहाज चालवणे वेगळे, घडवणे वेगळे

संपादक महोदय,

नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांची रचना, शिकतो म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग कॅप्टन कधी होणार?' जहाज चालवणारे वेगळे; आम्ही ते तरंगेल कसे आणि कलले तरी सावरेल कसे, याचे गणित शिकतो. १६२८ मध्ये स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरातच वाऱ्याने कलंडून बुडाली. वरचा भाग फार जड होता. कललेले जहाज सावरेल की उलटेल हे ज्या बिंदूवरून ठरते, त्या मेटासेंटरची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी मांडली ती त्यानंतर, १७४६ मध्ये. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची, म्हणजे मेटासेंट्रिक उंची, जास्त असली की जहाज जोमाने सावरते; पण गंमत म्हणजे ती वाजवीपेक्षा वाढली, तर जहाज इतक्या झटक्याने डोलते की माणसे आणि माल दोघांचेही हाल!

तक्रार एकच. हल्ली बराच अभ्यास संगणकाच्या पडद्यावर उरकतो. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे पाण्याच्या टाकीत जहाजाची छोटी प्रतिकृती ओढून पाण्याचा जहाजाला होणारा रोध मोजला. लाटांचा आणि घर्षणाचा रोध वेगवेगळा हिशेबात घ्यावा लागतो, हे त्यातूनच पक्के झाले. रंगीत प्रवाहचित्रांतून ते उमगत नाही. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना टाकीपाशी न्या, हाताने प्रतिकृती ओढू द्या. कपडे भिजले तर भिजू देत.

– एक विद्यार्थी