अण्णा, तुम्ही मोजणीचा आग्रह धरलात म्हणून

तीर्थस्वरूप अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

खरेदीखत नोंदवून झालं, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा "छान. मोजणीची क प्रत, तो हद्दीचा नकाशा, नीट सांभाळून ठेवा," एवढंच तुम्ही बोललात आणि मी आभार मानायला लागताच फोन काकूंकडे दिलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कोकणात जुनं घर घ्यायला निघालेली पुष्कळ माणसं मुंबई-ठाण्यात आहेत. प्रत्येकाला देवरुखात तुमच्यासारखा निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणीदार, भेटेलच असं नाही. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही जावं असं मला फार वाटतं.

घर मनात भरण्यासारखंच होतं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, मागे परसात फणस आणि कडेला बारमाही पाण्याची विहीर. मालक तिघे भाऊ, तिघेही नोकरीनिमित्त बाहेर आणि अगदी सरळ माणसं. त्यांनी जागा दाखवली ती लहानपणापासूनच्या खुणांवर: इकडे दगडांचा गडगा, तिकडे रायवळ आंबा, खाली पाखाडीची पायवाट. त्यांना त्यांच्या वडिलांनी तशीच दाखवली होती. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारलंत, "हा गडगा कोणी घातला? कधी?" तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, बयाण्याचं मोजणी झाल्यावर बोलू. तुमच्या त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर ऋणी राहीन.

मोजणीच्याही आधी तुम्ही आम्हाला कागद वाचायला बसवलंत, तुमच्याच ओटीवर. पहिला प्रश्न, घर गावठाणात आहे की गावठाणाबाहेर सर्व्हे नंबरात? गावठाणात असतं तर वाट वेगळी होती. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरांची मालमत्ता पत्रकं देतात, ती झाली आहेत का हे पाहावं लागलं असतं. आमचं घर, कोकणात बहुतेक वाड्यांमध्ये असतं तसं, शेतजमिनीच्या हिश्श्यात. म्हणजे खरेदीदार शेतकरी हवा. माझ्या वडिलांच्या वाई तालुक्यातल्या जमिनीवर वारस म्हणून माझं नाव लागलेलं आहे हे ऐकून तुम्ही म्हणालात, "मग खरेदी तुमच्याच नावावर, जावईबापूंच्या नाही." हिस्सा पुरा 24 गुंठ्यांचा आणि पुराच विकायचा होता. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, 20 गुंठे, त्यामुळे तुकडेबंदीचीही अडचण नव्हती.

मग फेरफार. आम्ही सातबाऱ्याच्या वरच्या नावांकडे बघत होतो आणि तुम्ही त्या नावांखालचे फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवून घेत होतात. प्रत्येक क्रमांकाची नक्कल काढायला लावलीत. त्यातून कळलं की मालकांचे एक चुलते, जे बडोद्याला स्थायिक होऊन तिथेच वारले, त्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे आणि त्यांची वारस नोंद झालेलीच नाही. चिपळूणला दिलेल्या बहिणीचं नावही त्यात होतं. "बहीण काय, येईल सहीला," असं भाऊ सहज म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांना स्पष्ट सांगितलंत की तिचा हिस्सा त्यांच्या हिश्श्याएवढाच आहे आणि तिच्याशी आधी बोला. तुमच्या बोलण्यातला तो ठामपणा मला फार आवडला. पुढे वारस नोंद झाली, बहीण आणि बडोद्याची मंडळीही आनंदाने आली. इतर हक्कात कूळ नाही, बोजा नाही, हेही तुम्ही ओळ न ओळ वाचून घेतलंत.

पण सगळ्यात मोलाचं तुम्ही शिकवलंत ते हिश्श्याबद्दल. सातबारा वेगळा असला म्हणजे नकाशातही हिस्सा पडलेला असतोच असं नाही. कोकणात एका सर्व्हे नंबराचे किती तरी पोटहिस्से नुसते कागदावर झालेले असतात. भावाभावांत वाटप झालं, सातबारे निघाले, पण जमिनीवर फाळणी होऊन नकाशात रेष आलीच नाही. अशी जागा विकत घेणारा क्षेत्र विकत घेतो, पण ते क्षेत्र नेमकं कुठे आहे हे त्याला कुणी सांगू शकत नाही. आमच्या हिश्श्याची फाळणी झालेली आहे आणि आकारफोड पत्रकातलं, म्हणजे पोटहिस्से पाडतानाच्या नोंदीतलं, क्षेत्र सातबाऱ्याशी जुळतं, हे तुम्ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकला काढवून खात्री करून घेतलंत आणि मगच मोजणीचा अर्ज करायला सांगितलंत. मोबाइलवर महाभूनकाशा ही सरकारी नकाशांची साइट उघडून मी तुम्हाला हद्द दाखवत होते, तर तुम्ही म्हणालात, "हा शेजार ओळखायला चांगला आहे. कुंपण घालायला नाही."

त्याच दिवशी कपाटातून एका जुन्या टिपणाची, म्हणजे मोजणीच्या मापांच्या कागदाची, प्रत काढून तुम्ही माझ्या मुलाला दाखवलीत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आम्ही गुंठा हा शब्द आयुष्यभर वापरला, पण तो म्हणजे त्या साखळीचा चौरस हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात सुरू केलेल्या पाहणीपासून आजच्या उपग्रहावरून मोजणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंत हे काम कसं येऊन पोचलं, हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. मुलगा अजून त्याबद्दल बोलतो.

अर्ज मालकांनीच करायचा, खरेदीदाराला तो अधिकार नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. तिन्ही भावांनी आणि बहिणीने सह्या केल्या, फी भरली आणि लगतधारकांना नोटिसा गेल्या. पावसाळ्यात अर्ज करायची घाई नको, दिवाळीनंतर गवत वाळलं की हद्द मोकळी करून घेता येते, असं तुम्ही आधीच सुचवलं होतं. मोजणीच्या आदल्या दिवशी दोन गडी लावून गडग्यालगतचं रान कापून घ्या, चुना आणा, खुंट्या तासून ठेवा, पुरायला चिरे आणून ठेवा. तुमच्या या यादीमुळे आलेल्या भूकरमापकांचा अर्धा वेळ वाचला, असं ते स्वतःच म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही आलात, पण कडेला उभे राहिलात. मला आधी वाटलं होतं, तुम्ही पुढे होऊन सांगाल. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "मोजणी त्यांची आहे. माझं काम फक्त तुम्हाला काय चाललंय ते समजावून सांगायचं." भूकरमापकांनी आधी आजूबाजूच्या सर्व्हे नंबरांचे जुने हद्दीचे दगड शोधले, तिथले बिंदू घेतले, मग नकाशा जागेवर बसवला. फणसाच्या दाट सावलीत रोव्हरला उपग्रह नीट मिळेनात, तेव्हा मोकळ्यावर बिंदू घेऊन तिथून टेपने माप घेतलं. हद्दीची निशाणी गडग्यावर न पडता गडग्याच्या बाहेर, पाखाडीच्या अंगाला पडली, तेव्हा भाऊ खूश झाले. आणि पूर्वेला गेल्यावर सगळे गप्प झाले. विहिरीचा निम्म्याहून अधिक भाग शेजारच्या आजींच्या हिश्श्यात. घराकडे येणारी पाखाडीही शेवटच्या वळणावर त्यांच्याच जमिनीतून. आणि उलट बाजूला, आजींच्या गोठ्याचा एक कोपरा आमच्या, म्हणजे तेव्हा भावांच्या, हिश्श्यात.

अण्णा, या घटकेला तुम्ही नसतात तर काय झालं असतं याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. हेच खरेदीनंतर कळलं असतं तर एका बाजूला मुंबईची माणसं, दुसऱ्या बाजूला गोठ्याच्या काळजीने रात्र जागणाऱ्या आजी, आणि मध्ये पाणी. गावात किती दावे असे सुरू होतात आणि दोन पिढ्या चालतात हे तुम्ही जवळून पाहिलेलं आहे. भावांपैकी थोरले तावातावाने म्हणाले की आमच्या आजोबांपासून त्या विहिरीचं पाणी आम्ही काढतोय, बघू कोण अडवतं. तुम्ही त्यांना अडवलं नाहीत. फक्त सांगितलंत की 1882 च्या सुखाधिकार कायद्यात 20 वर्षांहून अधिक काळ उघडपणे, बिनतक्रार चाललेल्या वहिवाटीला हक्क मिळतो हे खरं आहे. पण तो कोर्टात साक्षीपुराव्याने शाबीत करावा लागतो, आणि ही पाखाडी गावनकाशात रस्ता म्हणून दाखवलेली नाही. मग म्हणालात, "कोर्टात जो हक्क मिळायला किती वर्षं लागतील कोण जाणे, तो आजींनी मनापासून लिहून दिला तर याच महिन्यात मिळेल. आधी त्यांच्याकडे चहाला जाऊ."

आजींच्या पडवीत आपण बसलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारलं, "बाय, माझा गोठा मोडशील काय गो?" त्या विचारण्यात जी भीती होती ती ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नोटिशीवरही त्यांनी घाबरूनच अंगठा दिला होता. मोजणी म्हणजे जमीन काढून घ्यायला आलेत, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तुम्ही जमिनीवर बसून, काडीने मातीत रेघा ओढून, त्यांना त्यांचीच हद्द समजावून सांगितलीत. कुठला दगड त्यांचा, विहीर किती त्यांच्याकडे, गोठ्याचा कोपरा किती बाहेर. त्यांच्या बाजूचं एक बोटही तुम्ही कमी सांगितलं नाहीत. खरं तर तुम्ही आमच्या बाजूने आला होतात. तरी तुम्ही आजींना त्यांच्या मुलाला सुरतेहून बोलावून घ्यायला सांगितलंत, आणि तो येईपर्यंत कशावरही अंगठा देऊ नका असं बजावलंत.

तो आला आणि मग सगळं सुरळीत झालं. आजींनी विहिरीचं पाणी आणि पाखाडीची वाट कायमची दिली, भावांनी गोठ्याचा कोपरा आहे तसा राहू देण्याची हमी दिली, विहिरीचा गाळ काढायचा खर्च निम्मा-निम्मा. हे सगळं दोन्ही जमिनींच्या पुढच्या मालकांनाही लागू राहील अशा शब्दांत लिहून दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. साध्या स्टॅम्पपेपरवर उरकू नका, हा आग्रह तुमचा. खरेदीखतात "पूर्वेस अमक्याची जमीन" अशी मोघम चतुःसीमा न घालता मोजणीचा रजिस्टर नंबर आणि तारीख घालून क प्रतीचा नकाशा जोडायचा, हाही तुमचाच. आमच्या वकीलबाईंनी 30 वर्षांचा शोध घेऊन दिलेला अहवाल चोख होता, पण विहीर कुठे आहे हे त्यात येणं शक्यच नव्हतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आता त्या कोकणातल्या प्रत्येक पक्षकाराला आधी मोजणी करायला सांगतात.

घराच्या लाकडांबद्दल तुम्ही "ते माझं खातं नाही" म्हणून साडवलीच्या सुतारमिस्त्रींना पाठवलंत. त्यांनी खांबांच्या बुडात पटाशी घालून पाहिली, आढं ठोकून पाहिलं, पश्चिमेचे काही वासे वाळवीने पोखरलेले निघाले. किंमत त्याप्रमाणे ठरली. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, मागची न्हाणी लागलेली नव्हती, तीही भावांनी विक्रीआधी लावून घेतली.

तुम्ही फी घेतली नाहीत. आलात त्या रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत. नोकरीत असताना लोक हद्दीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाताना पाहिलेत, म्हणून आता कोणी आधी विचारायला आलं की बरं वाटतं, असं तुम्ही काकूंसमोर बोललात. ते मी ऐकलं होतं, अण्णा. तुमच्या मोबदल्याच्या जागी मी हे लिहीत आहे.

आणखी एक काम घेऊन येत आहे, रागावू नका. आजींच्या मुलाला आता आपल्या उरलेल्या तिन्ही हिश्श्यांची मोजणी करून घ्यायची आहे. त्यातल्या एकाची फाळणी झालेली नाही असं त्याला वाटतं. सातबारे आणि फेरफार मी काढून ठेवले आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही गावी आहोत. तुम्हाला सोयीचा दिवस काकूंकडून कळवा, मी गाडी पाठवते. जेवायला आजींनी सगळ्यांना त्यांच्याकडेच बोलावलं आहे.

तुमची,
वाडीतली नवी शेजारीण