जर्मनीतल्या नोकरीचा सगळा हिशोब

पुणे

ती. आई व ती. बाबा यांना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

बाबा, मी जर्मनीत नोकरी शोधते आहे त्यावरून फोनवर तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. पैसे किती अडकणार, नोकरी हातात नसताना जायचं का, आणि नाहीच मिळाली तर काय. आईने चौथा विचारला, की आम्हाला तिकडे येऊन राहता येईल का. फोनवर अशी उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून लिहून पाठवते आहे. हे पत्र पासपोर्टच्या फाइलीत ठेवा, यातले आकडे पुढे लागतील.

आधी माझं ठरलेलं सांगते. सहीचं कंत्राट हातात येईपर्यंत मी इथला राजीनामा देणार नाही. आणि जर्मन भाषेची बी-1, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पदरात पडेपर्यंत अर्जांवर फारसा जोर देणार नाही. या दुसऱ्या गोष्टीचं तुम्हाला नवल वाटेल. शेजारचा मुलगा इंग्रजीवर गेलाच की, असं तुम्ही म्हणाल. पण तो प्रोग्रामर आहे, त्याचं काम पडद्यावर दिसतं. माझ्यासारख्या प्रोजेक्ट मॅनेजरचं सगळं काम बोलण्यातून होतं: कोणाचं काम कुठे अडलंय ते काढून घ्यायचं, तारीख पुढे जाणार हे वेळेत सांगायचं, ठेकेदाराशी वाटाघाट करायची. टीम इंग्रजी बोलत असली तरी हिशोबखातं, खरेदीखातं आणि ग्राहक जर्मनच बोलतात.

शिवाय तिथे मोठ्या कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बेट्रिब्सराट. कर्मचाऱ्यांच्या कामावर नजर ठेवता येईल असं कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं तर या मंडळाची संमती कायद्याने लागते. आपल्याला साधं वाटणारं कामाच्या नोंदींचं सॉफ्टवेअरसुद्धा यात येतं, कारण कोणी किती वेळात काय केलं ते त्यात दिसतं. मंडळाला शेवटच्या महिन्यात कळवलं तर तयार झालेलं काम तसंच पडून राहतं. भारतातून गेलेल्या मॅनेजरला हे ठाऊक नसतं आणि मुलाखतीत ते लगेच कळतं. मुलाखतीत मी याबद्दल स्वतःहून बोलणार आहे.

बी-1 पर्यंत पोहोचायला जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या अंदाजाने 45 मिनिटांचे 350 ते 650 तास लागतात, बी-2 ला 600 ते 800. परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात 60 टक्के लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपली माणसं बहुतेक लेखनात आणि श्रवणात अडकतात, म्हणून माझा निम्मा वेळ त्या दोन्हींना.

आता कागदपत्रं. पहिला रस्ता ब्लू कार्डचा, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्याचा. त्यासाठी मान्य पदवी आणि पदवीशी जुळणारी, किमान सहा महिन्यांच्या कंत्राटाची नोकरी लागते. पगाराची अटही आहे: 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती, आणि ज्या कामांना माणसं कमी पडतात त्यांच्यासाठी 43,759.80 युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात. 2023 च्या नोव्हेंबरपासून माहिती-तंत्रज्ञान सेवांचे व्यवस्थापकही त्या कमतरतेच्या यादीत आहेत, पण आपली जागा त्यात बसते की नाही हे पदाच्या नावावरून नाही, कंत्राटातल्या कामाच्या वर्णनावरून ठरतं. म्हणून वर्णन मोघम असेल तर सहीआधी नीट लिहून मागायचं. बाबा, हा आकडा रुपयांत बदलून हुरळून जाऊ नका. वर्षाला 50,000 युरो ठरले तर कर आणि विमा वजा जाता एकट्या माणसाच्या हातात महिन्याला 2,600 च्या आसपास येतात.

पदवी मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या सरकारी यादीत दिसतं. तिथे विद्यापीठाच्या नावापुढे एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, हवी आणि पदवीचा प्रकारही वेगळा तपासावा लागतो. दोन्ही सापडलं तर त्या पानांची छापील प्रत पुरते. पदवी यादीत नसेल तर ती तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे हे सांगणारा तुलनेचा दाखला मागवायचा. त्याला 200 युरोच्या आसपास खर्च येतो आणि वेळ जातो.

इथे आपल्या गुजरातची एक अडचण आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर नाव आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव अशा क्रमाने आहे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन नावं एकत्र. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडच्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवणार आहे.

त्याहून मोठी उणीव अनुभवाच्या पत्रांत असते. आपल्याकडच्या कंपन्या दोन तारखा आणि हुद्दा लिहून मोकळ्या होतात. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला सविस्तर दाखला मिळतो: काय काम केलं, किती माणसं हाताखाली होती, काम कसं झालं. तिथल्या माणसाला आपलं दोन ओळींचं पत्र पाहून शंका येते. मी इथे असतानाच प्रत्येक जुन्या साहेबांकडून लेटरहेडवर कामाची यादी मागून घेते आहे. माणूस कंपनी बदलून गेला की मग अशी पत्रं मिळत नाहीत.

बायोडेटा दोन पानांचा, प्रत्येक नोकरीला महिना आणि साल. मधला काळ मोकळा असेल तर तो झाकायचा नाही, कारण लिहायचा. «टीमचं नेतृत्व केलं» अशी वाक्यं मी काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पाला चार गोष्टी: खर्चाची मर्यादा, माणसं, मुदत, आणि मधे काय घसरलं व ते कसं सावरलं. हा चौथा मुद्दा सगळ्यात जास्त वाचला जातो, कारण घसरलेलं ओळखता येणं हेच आमचं काम. आपल्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे कधी ग्राहक सांभाळणारा, कधी हजेरी घेणारा. तिकडे प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, टेक्निकल प्रोजेक्ट मॅनेजर ही वेगवेगळी कामं समजतात. एकच बायोडेटा सगळीकडे पाठवला तर उत्तर येत नाही.

प्रमाणपत्राबद्दल: पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची ओळख तिथेही आहे. त्यासाठी चार वर्षांच्या पदवीनंतर गेल्या आठ वर्षांत 36 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि 35 तासांचं शिक्षण लागतं. मिळाल्यावर दर तीन वर्षांनी 60 गुण जमवून ते जिवंत ठेवावं लागतं. यंत्रनिर्मितीच्या आणि जुन्या जर्मन कंपन्या आयपीएमए हे दुसरं प्रमाणपत्र जास्त मानतात, सरकारी कामांत व्ही-मॉडेल एक्सटी ही प्रकल्प चालवण्याची पद्धत चालते. माझ्या मते पीएमपी पुरे. दुसऱ्या प्रमाणपत्राला लागणारा वेळ मी जर्मनला देईन.

आता वाट पाहण्याबद्दल, कारण आई, तुला त्याचीच काळजी जास्त लागते. अर्ज गेल्यावर कित्येक आठवडे काही कळत नाही, आणि त्याचा अर्थ नकार असाच असतो असं नाही. तिथे नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाची सूचना-मुदतच (नोटीस पिरियड) लांब असते, पुष्कळ कंत्राटांत तिमाहीच्या शेवटापर्यंत तीन महिने. जागा रिकामी व्हायलाच वेळ लागतो, म्हणून निवडही सावकाश. ऑगस्टमध्ये निम्मं कार्यालय सुट्टीवर, डिसेंबरच्या मध्यानंतर कोणी निर्णय घेत नाही. माझीही सूचना-मुदत 90 दिवसांची आहे, ती मी पहिल्याच फोनवर सांगते. लपवली तर शेवटच्या फेरीत सगळं फिसकटतं. गेल्यावर सहा महिन्यांपर्यंत नोकरीत आजमावणीचा काळ (प्रोबेशन) असतो. त्यात कोणत्याही बाजूने दोन आठवड्यांच्या सूचनेवर कंत्राट संपवता येतं. म्हणून पहिले सहा महिने इकडची शिल्लक मोडायची नाही.

बाहेरून अर्ज करून जमलं नाही तर दुसरा रस्ता ऑपॉर्च्युनिटी कार्डचा. हे 1 जून 2024 पासून सुरू झालं. नोकरी नसताना तिथे जाऊन एक वर्षापर्यंत शोधता येते. पदवीला तिथे पूर्ण मान्यता असेल तर गुण मोजायची गरजच नाही, थेट कार्ड मिळतं. नाहीतर 6 गुण लागतात. गेल्या सात वर्षांत पदवीच्या क्षेत्रात पाच वर्षं काम केल्याचे 3, वय 35 ते 40 असल्याचा 1, जर्मन ए-2 चा 1, इंग्रजी सी-1 चा 1. एवढ्यात माझे सहा होतात, आणि बी-1 झाल्यावर ए-2 च्या एका गुणाऐवजी 2 मिळतात. कार्डावर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांचं चाचणीकाम चालतं. त्या 20 तासांवर घर चालवायचा बेत मात्र कोणी करू नये. भाषा नसलेल्याला प्रोजेक्टचं अर्धवेळ काम कोणी देत नाही. मग गोदामात वेळ जातो आणि शोध मागे पडतो.

पैशांचं उत्तर इथे आहे. कार्डासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते: 2025 च्या नियमाने महिन्याला 1,091 युरो, वर्षाचे 13,092. ते अडकवलेल्या खात्यात ठेवतात आणि तिथे पोहोचल्यावर दर महिन्याला तेवढे सुटतात. म्हणजे ते जात नाहीत, आपल्यालाच मिळतात, फक्त एकदम हात लावता येत नाही. युरो शंभर रुपये धरला तर 13 लाखांच्या वर. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत बाहेर पाठवायला कर-वसुली नाही. त्यापुढच्या रकमेवर अशा कामासाठी 20 टक्के बँक कापून घेते. 3 लाखांवर 60 हजार. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात, पण तोपर्यंत अडकतात. म्हणून थोडी रक्कम मार्चअखेर आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवायची, म्हणजे कापलं जाणारच नाही. कंत्राट घेऊन ब्लू कार्डवर गेले तर हे खातं लागतच नाही. मी पहिल्या रस्त्याचा आग्रह धरते तो याचसाठी.

पोहोचल्यावर पहिली अडचण घराची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते नसेल तर नोंदणी नाही, नोंदणीविना कर क्रमांक अडतो, आणि मग पहिल्या पगारात जास्तीचा कर कापला जातो. तात्पुरती खोली घेतानाच नोंदणीला परवानगी आहे का हे लेखी विचारायचं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते, म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च नेहमीच्या कितीतरी पट असतो.

एक कळकळीचं सांगणं. कोणी दांडिया बाजारात किंवा फोनवर म्हणालं की आमच्याकडे जर्मनीच्या जागा आहेत, अमुक लाख भरा, तर बोलणं तिथेच थांबवा. खरी कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं सरकारी शुल्क 75 युरो आहे, आणि गुजरातचे अर्ज जर्मनीच्या मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. कोणाच्याही ओळखीने ते पुढे सरकत नाहीत. घाई असेल तर कंपनीच तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. कंपनी खरी आहे का हे तिथल्या व्यापारी नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येतं.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत. भेटीला यायचं तर शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. शुल्क माणशी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. मी तिथून खर्चाची हमी लिहून देऊ शकते. औषधं स्वतःपुरती तीन महिन्यांची नेता येतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घेऊन त्यात गोळ्यांच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाची नावं लिहून घ्या, कारण ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही.

कायमचं राहायचं तर 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर पहिलं ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडिलांना बोलावण्याची सोय झाली आहे. पण तिथला सरकारी आरोग्यविमा माझ्या नावावर तुम्हाला मिळत नाही, आणि खासगी कंपन्या तुमच्या वयाला विमा द्यायला सहसा तयार होत नाहीत. दारातच ही अट अडते. म्हणून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पहिली काही वर्षं तुम्ही उन्हाळ्यात तीन महिने यायचं आणि मी दिवाळीत बडोद्याला, असंच धरून चाला. बी-1 असेल तर ब्लू कार्डवर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, ए-1 वर 27. तो मिळाल्यावर पुढचं बोलू.

आता तुमच्याकडची कामं. बाबा, विद्यापीठात सगळ्या सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकाला किती दिवस लागतात आणि माझ्या अधिकारपत्रावर ते तुम्हाला देतील का, एवढं विचारून ठेवा. बँकेत बाहेर पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म कोण पाहतं तेही विचारा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, त्याआधी गेलेलं बरं. माझं पीपीएफ मी परदेशी गेल्यावरही मुदतीपर्यंत चालू राहील, पण पुढे वाढवता येणार नाही. ते मोडायची गरज नाही. आई, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का पाहा, आणि दोन्हींचे फोटो पाठव. फरक असला तर याच महिन्यात कळवा.

तुमची लेक