बाई, तुमच्यामुळे ‘पालना’चा पाळणा झाला

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही “आधी चहा घे” म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. संगणकाकडून मराठी गाऊन घेताना माझ्यासारखी अडलेली इतरही मंडळी असतील, त्यांनाही तुम्ही काय शिकवलंत ते कळावं.

ताईच्या मुलीचं बारसं ठरलं आणि आईने वहीतून स्वतः रचलेला पाळणा काढून दिला. “चिमणी निजली, चाफा निजला, पाळण्यामधली सोनुली निजली.” मला गाता येत नाही, पण संगणकावर आवाज जुळवून गाणी करायचा छंद आहे. भाचीसाठी आपल्या हातचं काहीतरी असावं, एवढीच इच्छा होती. मी वापरतो ते ‘उटाऊ’ नावाचं सॉफ्टवेअर २००८ साली जपानमध्ये निघालं. ते मोफत आहे. माणसाने म्हटलेली एकेक अक्षरं ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि सॉफ्टवेअर ती सुरात ओढून एकमेकांना जोडतं. आधी तयार जपानी आवाज घेतला. त्यात ळ नाही, ण नाही, ख-घ-भ नाहीत. मग बायकोच्या आवाजात बाराखडी मुद्रित केली. चाल बसली, आवाज गोड आला. आईने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “छान आहे रे, पण म्हणतेय काय?”

एका जाणकाराने सांगितलं की वरच्या कंपनांची पातळी वाढव, शब्द उठून येतील. दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा उचलला. आवाज कानाला टोचायला लागला, पण पालना तो पालनाच. आठ रात्री त्यात गेल्या. शेवटी आईच म्हणाली, “पंचवटीत बाईंकडे जा. तिसरीत तुझा ळ त्यांनीच सुधारला होता.”

इंद्रकुंडावरून, पलुस्कर सभागृहाच्या बाजूने तुमच्या गल्लीत शिरलो तेव्हा लॅपटॉप घेऊन बाईंकडे जायचं म्हणून संकोच वाटत होता. तुम्ही गाणं दोनदा ऐकलंत, आणि जे म्हणालात ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं: “ळ एकटा कधी येतो का रे? मराठीत ळने शब्द सुरूच होत नाही. त्याच्या आधी कुणीतरी असतंच. तू त्याला एकट्याला उभा केलास, म्हणून तो ल झाला.”

बाई, माझी सगळी अडचण या एका वाक्यात होती. मी बायकोकडून “ळा, ळी, ळू” असं सुटं म्हणून घेतलं होतं. पण ळ आणि ण म्हणताना जीभ मागे वळायला लागते ती आधीच्या स्वरातच. ‘पाळणा’मधल्या ‘पा’चा आ संपत येतो तेव्हाच त्याचा रंग पालटलेला असतो, आणि ळ येतोय हे कानाला तिथेच कळतं. सुट्या ‘ळा’मध्ये तो आधीचा आ नसतो, मग ऐकणाऱ्याने ल आणि ळ वेगळे ओळखायचे कशावरून? तुम्ही मुलांना “आळा, इळी, उळू” असं घोकायला लावायचा ते यासाठीच. पुढच्या तीन दुपारी तुमच्या माजघरात गोधडी दोरीवर टाकून आपण तेच केलं. बायको म्हणायची, “आळा, आणा, ओळी, ओणी.” तुम्ही समोर बसून बोट वर केलंत की ते ठेवायचं, हात आडवा हलवलात की पुन्हा. देवळातल्या घंटा वाजल्या की थांबायचं, यात्रेकरूंची गाडी गेली की थांबायचं. ‘ओणी’ अकरा वेळा झालं. बायकोचा घसा बसला तेव्हा तुम्ही खडीसाखर दिलीत, पण बाराव्यांदाही म्हणून घेतलंतच.

च तर मला ऐकूच येत नव्हता. चिमणीचा च आणि चाफ्याचा च लिहायला एकच, म्हणताना दोन. मी दोन्हीकडे चिमणीचा लावला होता. “चाफा म्हणताना जीभ दातांपाशी जाते,” असं सांगून तुम्ही मला चारा, चोर, चूल म्हणायला लावलंत आणि पन्नाशीला टेकलेला मी शहाण्या मुलासारखा म्हणत बसलो. आता माझ्या यादीत दोन च, दोन ज आणि दोन झ आहेत.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘पाळण्यामधली’चा प विरघळून जात होता. तुम्ही म्हणालात, “प म्हणायच्या आधी ओठ मिटावे लागतात. तुझी ही गाणारी ओठ मिटतच नाही.” घरी येऊन जोडणीचे आकडे उघडले. दोन अक्षरं एकमेकांवर किती चढवायची, त्याला ‘ओव्हरलॅप’ म्हणतात. सूर सलग वाटावा म्हणून मी तो सगळीकडे भरपूर ठेवला होता, त्यामुळे आधीचा स्वर प, क, ट यांच्या तोंडावरून वाहत जात होता. या व्यंजनांच्या आधी तोंडातली हवेची वाट पूर्ण बंद होते, क्षणभर शांतता असते, आणि तीच मी बुजवून टाकली होती. ओव्हरलॅप जवळजवळ शून्यावर आणला आणि प उमटला. चाफ्यातल्या फचा श्वासही तसाच पुढच्या आमध्ये बुडत होता, तो मोकळा केला.

मग तुम्ही टाळी वाजवून “सोनुली” म्हणून दाखवलंत. टाळी सवर पडली नाही, ‘सो’मधल्या ओवर पडली. स त्याच्या आधी येऊन गेला होता. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘प्री-अटरन्स’ नावाची जागा आहे, व्यंजन मात्रेच्या किती आधी सुरू व्हावं ते तिथे ठरतं. मी सगळ्या अक्षरांना एकच आकडा दिला होता. पण स लांब असतो, त आखूड. मग एकेका अक्षराचा आलेख पाहून स्वर जिथे सुरू होतो ती रेघ हाताने ओढली. त्याला चार रात्री लागल्या. इतका कंटाळवाणा आणि इतका समाधानाचा उद्योग मी दुसरा केलेला नाही.

पट्टी उतरवायलाही तुम्हीच सांगितलंत. वरच्या सुरात ‘चिमणी’चा शेवट ‘णी’ की ‘णे’ ते कळत नव्हतं. ई, ऊ या स्वरांची ओळख देणारा पहिला अनुनाद, म्हणजे घशा-तोंडाच्या पोकळीतला सगळ्यात खालचा घुमारा, साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास असतो. सूरच त्याच्या वर गेला की स्वर ओळखणं जड जातं, खऱ्या गायिकेचंही तसंच होतं. तुम्ही हे पेटीवर हात ठेवून सांगितलंत, “इतक्या वर ई म्हणता येत नाही, खाली घे.” मी अडीच स्वर खाली घेतला.

चहा घेताना मी सांगितलं होतं की १९६१ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये संगणकाकडून गाणं म्हणवून घेतलं होतं. तुम्ही लगेच म्हणालात, “तेव्हा मी तिसरीत होते.” आणि मग विचारलंत, “त्याला शब्द कुणी शिकवले?” हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता.

बारशाला पाळणा लावला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या कडव्याला ती हात पुसत बाहेर आली आणि आवाजाबरोबर म्हणायला लागली, मग काकू, मग ताईच्या सासूबाई. कुणीही शब्द विचारले नाहीत. तुम्ही गुडघ्यामुळे येऊ शकला नाहीत, म्हणून त्याची ध्वनिफीत सोबत पाठवतोय. त्यात ‘पाळणा’ तीनदा येतो, तिन्ही ऐका. शेवटच्यात णचा थोडा न होतोय असं मला अजून वाटतं.

‘ज्ञ’ आणि ‘त्र’ मुद्रित करायचे राहिलेत. रविवारी दुपारी दोनला येतो, घंटा थांबल्यावर. तुमची गोधडी धुऊन ठेवली आहे, येताना घेऊन येईन.

तुमचाच,
तिसरीतला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी